'नागपूरचं' म्हणजे नेमकं कुठलं? पाकिटावरचं नाव, कारखाना आणि माल यांचा हिशोब

नागपुरातून कुणी पुण्या-मुंबईकडे निघालं की सामानात संत्रा बर्फीचा डबा ठरलेला. दिवाळीच्या आसपास त्यात शेव-चिवड्याची पाकिटं वाढतात, आणि घर मटण खाणाऱ्यांचं असेल तर सावजी मसालाही जातो. देणारा कौतुकाने सांगतो, "आपल्या नागपूरचं आहे बरं का." घेणारा खूश होतो. पुढे कोणी काही विचारत नाही आणि विचारायचं कारणही नसतं.

पण विचारलंच, तर उत्तर सरळ येत नाही. नाव नागपूरचं की मालक नागपूरचा? कारखाना इथे आहे की इथे फक्त ऑफिस आहे? संत्रं काटोलचं की कुठलं? आणि जी कृती 'नागपुरी' म्हणून खपते, तिच्यावर कुणाचा हक्क आहे? आपण हे सगळं एका 'आपलं' मध्ये गुंडाळून टाकतो. कायदा मात्र यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या खात्यात ठेवतो. नावासाठी ट्रेडमार्कचा कायदा, मालासाठी भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे जीआयचा कायदा, कारखान्यासाठी अन्नसुरक्षेचा परवाना, आणि कृतीसाठी जवळजवळ काहीच नाही. ही खाती एकदा समजली की पाकीट वाचायला वेगळीच मजा येते.

सुरुवात अर्थातच हल्दीरामपासून करावी लागते.

पुण्यातले पाहुणे "तुमचं हल्दीराम" म्हणतात, दिल्लीचे लोक "आमचं हल्दीराम" म्हणतात आणि कोलकात्यात तिसराच माणूस तेच म्हणतो. तिघेही बरोबर आहेत. मूळ दुकान यातल्या एकाही गावचं नाही. ते बिकानेरचं. गंगाबिशन अग्रवाल यांना घरात हल्दीराम म्हणत, आणि त्यांच्या भुजियाच्या धंद्याची सुरुवात १९३७ ची सांगितली जाते. पुढे धंद्याची एक शाखा कोलकात्याला गेली. नातवांपैकी शिवकिसन अग्रवाल नागपुरात आले आणि इथे त्यांनी दुकान वाढवलं. मनोहरलाल आणि मधुसूदन या त्यांच्या भावांनी दिल्ली धरली, चांदणी चौकातलं त्यांचं दुकान ऐंशीच्या दशकातलं. चौथे भाऊ शिवरतन बिकानेरलाच राहिले. त्यांनी घरचं नाव न वापरता 'बिकाजी' उभं केलं आणि २०२२ मध्ये ती कंपनी शेअर बाजारातही आली. म्हणजे दुकानाच्या फळीवर हल्दीराम आणि बिकाजी एकमेकांशेजारी टांगलेले दिसतात तेव्हा आपण एकाच आजोबांचे नातू शेजारी बसलेले पाहत असतो.

इथे ट्रेडमार्क म्हणजे काय ते समजून घेऊ. पाकिटावरचं नाव ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता असते. ती नोंदवता येते, विकता येते, भाड्याने देता येते, मुलांच्या नावे करता येते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि फी भरून ती कितीही वेळा पुढे नेता येते. आणि मालमत्ता आहे म्हटल्यावर तिची वाटणीही होते. शेताची होते तशी: हा भाग थोरल्याचा, तो धाकट्याचा, मध्ये बांध. हल्दीराम घराण्यात प्रदेशांच्या हिशोबाने वाटण्या झाल्या. कोलकात्याच्या बाजूचा हक्क पश्चिम बंगालपुरता, नागपूरकरांचं क्षेत्र वेगळं, दिल्लीकरांचं वेगळं.

मिठाईचं दुकान आपल्या जागी बसतं, त्यामुळे दुकानांच्या बाबतीत असा बांध चालून जातो. पाकीट मात्र जागी बसत नाही. ते ट्रकमध्ये चढतं, ठोक व्यापाऱ्याकडे जातं, रेल्वे स्टेशनवरच्या ठेल्यावर लटकतं आणि आता तर मोबाइलवरून कुठूनही कुठेही पोचतं. एकच नाव दोन-तीन घरांकडे असलं की गिऱ्हाईक गोंधळणारच. कोलकाता आणि दिल्ली यांच्यात या नावावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. त्यातलं एक प्रकरण २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तिथला मुद्दा भुजियाच्या चवीचा नव्हता. नोंदणी न झालेल्या भागीदारीला असा दावा लावता येतो का, असा तो रूक्ष प्रश्न होता. आपण चहाबरोबर मूठभर शेव तोंडात टाकतो आणि तिच्यामागे भागीदारी कायद्याचं एक कलम उभं असतं, हे मला फार गमतीचं वाटतं.

२०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'हल्दीराम' हे सुप्रसिद्ध ट्रेडमार्क असल्याचं जाहीर केलं. साधं ट्रेडमार्क ज्या प्रकारच्या मालासाठी नोंदवलंय तेवढ्यापुरतं रक्षण देतं. सुप्रसिद्ध ठरलेल्या नावाला त्यापलीकडेही रक्षण मिळतं, म्हणजे उद्या कोणी हल्दीराम नावाने चपला काढल्या तरी त्याला अडवता येतं.

आता नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा भाग. दिल्ली आणि नागपूर या दोन घरांनी पाकीटबंद मालाचा धंदा एकत्र करायचं ठरवलं. स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. नवीन कंपनीत दिल्लीकरांचे ५६ टक्के आणि नागपूरकरांचे ४४ टक्के अशी ती मांडणी. २०२५ मध्ये हे एकत्रीकरण पूर्ण झालं आणि त्याच वर्षी सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीने त्यात हिस्सा घेतला, त्यामागोमाग आणखी गुंतवणूकदार आले. रेस्टॉरंटं मात्र या सौद्याच्या बाहेर राहिली.

याचा व्यवहारातला अर्थ असा: शहरातल्या हल्दीरामच्या हॉटेलात बसून तुम्ही छोले भटुरे खाता तो धंदा नागपूरच्या घराचा. बाहेर पडताना काउंटरवरून शेवेचं पाकीट उचलता त्याचा धंदा मात्र संयुक्त कंपनीचा, आणि त्या कंपनीत एक तुकडा सिंगापूरचा. एकाच छपराखाली, एकाच नावाखाली. मग ती शेव 'आपली' राहिली की नाही? माझ्या मते राहिली, पण 'मालक इथला' हे तिचं कारण आता पूर्वीइतकं भक्कम नाही. कारण शोधायचंच तर पाकिटाच्या मागच्या बाजूला शोधावं.

मागची बाजू म्हणजे ती बारीक अक्षरांची पट्टी, जी बहुतेक जण वाचत नाहीत आणि वाचायला गेलं तर चष्मा शोधावा लागतो. इतवारीत किराणा घेताना मी पाकीट उलटं करून बघते तेव्हा दुकानदार वैतागतो. "ताई, तारीख ताजी आहे हो, काहून बघता एवढं?" पण तारीख मी सगळ्यात शेवटी बघते.

आधी बघायचं कोणाच्या नावापुढे काय लिहिलंय ते. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' म्हणजे माल तिथे तयार झाला. 'मार्केटेड बाय' म्हणजे नाव आणि विक्री यांची, बनवलाय दुसऱ्याच कोणीतरी. 'पॅक्ड बाय' म्हणजे बाहेरून आलेला माल इथे पाकिटात भरला. नागपूरचा पत्ता या तिन्हींपैकी कुठल्याही शब्दापुढे असू शकतो आणि तिन्हींचा अर्थ पार वेगळा. गावातलं नाव, गावातला पत्ता आणि प्रत्यक्ष मसाला दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात दळलेला, असं होऊ शकतं. उलटही होतं. देशभर माहीत असलेल्या कंपनीचा माल आपल्या बुटीबोरीतून किंवा हिंगण्यातून निघू शकतो, आणि तो बनवणारे हात शेजारच्या गल्लीतले असतात.

मोठ्या कंपन्यांचे कारखाने अनेक असतात. मग पाकिटावर तीन-चार पत्ते छापलेले दिसतात, प्रत्येकापुढे एकेक अक्षर, आणि खाली एक ओळ: बॅच नंबरचं पहिलं अक्षर बघा. बॅच नंबर छपाईत नसतो, तो नंतर शाईने मारलेला असतो, बहुतेक वेळा वरच्या शिवणीजवळ, अर्धवट पुसलेला. तिथे 'ए' असेल तर 'ए'पुढचा पत्ता खरा, 'सी' असेल तर 'सी'पुढचा. हे एक अक्षर सापडलं की तुमच्या हातातली शेव नेमकी कुठे तळली गेली ते कळतं. एकाच फळीवरची, एकाच नावाची, एकाच किमतीची दोन पाकिटं दोन वेगळ्या राज्यांतली निघू शकतात.

दुसरी खूण म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकड्यांचा नंबर. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली खाण्याच्या वस्तू बनवणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो. हा नंबर नुसता क्रमांक नाही, त्यात माहिती भरलेली आहे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे नंबर २१५ ने सुरू झाला तर महाराष्ट्रातला एखादा घरगुती किंवा लहान उद्योग. ११५ ने सुरू झाला तर राज्याचा परवाना असलेला मोठा. १०० ने सुरू झाला तर केंद्राचा परवाना, आणि मग राज्य त्यावरून कळत नाही, पत्ताच वाचावा लागतो. बचत गटाच्या प्रदर्शनात लोणचं, मुगवडी, सांडगे घेताना हा नंबर बघायची सवय लावून घ्यावी. २१५ दिसला की धंदा लहान आहे आणि रीतसर नोंद केलेली आहे एवढं तरी समजतं. नंबरच नसेल तर चव कितीही चांगली असो, विचारावं.

मात्र या नंबरवरून माल चांगला आहे असं सिद्ध होत नाही. बिघडलं तर कोणाला धरायचं, एवढंच तो सांगतो. एकदा घरी आणलेल्या चिवड्याला तेलाचा खवट वास होता, पाकिटावर पत्ता म्हणून फक्त "नागपूर" छापलेलं. तक्रार करणार कुठे? शेवटी चिवडा फेकला आणि विषय संपला.

जुन्या नागपुरी नावांत दिनशॉजचा उल्लेख टाळून चालणार नाही. राणा या पारशी कुटुंबाचा हा धंदा १९३२ पासूनचा, दुधापासून सुरू होऊन आइस्क्रीमवर आलेला. गिट्टीखदान म्हटलं की कित्येकांना आधी तेच आठवतं. मालक, नाव आणि मूळ कारखाना हे सगळं एकाच गावात असलेलं हे दुर्मीळ उदाहरण, म्हणून 'आपलं' म्हणताना इथे अडखळावं लागत नाही.

आइस्क्रीमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कुठल्याही कंपनीच्या बाबतीत बघून ठेवावी. कायद्याप्रमाणे ज्याला नुसतं 'आइस्क्रीम' म्हणता येतं त्यात दुधाचं फॅट किमान १० टक्के हवं. त्याहून कमी असेल तर 'मीडियम फॅट', आणि अडीच टक्क्यांच्या खाली 'लो फॅट' असं लिहावं लागतं. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरलं तर तो पदार्थ 'फ्रोझन डेझर्ट' होतो आणि तसं पाकिटावर छापावं लागतं. तो खराब असतो असं नाही. पण त्याचं आणि आइस्क्रीमचं चित्र एकसारखं, कोन एकसारखा, फ्रीझरही तोच. एकच कंपनी दोन्ही विकू शकते. चव ओळखायची खूण सांगते: तेलाचं असेल तर वितळल्यावर टाळूला मागे एक मेणचट थर राहतो. दुधाचं फॅट शरीराच्या उष्णतेला विरघळून जातं. दुधाच्या धंद्यात वाढलेल्या शहराला हा फरक जिभेवर कळायला हवा.

आता संत्रं. नागपूरचं सगळ्यात मोठं नाव तेच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याबद्दलच.

२०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला जीआय मिळाला. जीआय म्हणजे एखाद्या मालाचं नाव त्याच्या मुलखाशी कायद्याने बांधणं. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, जीआय त्या मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचा. तो विकता येत नाही आणि कोणा एका कंपनीला स्वतःच्या नावावर करून घेता येत नाही. मात्र आपोआप सगळ्यांना मिळतो असंही नाही: जीआयचं चिन्ह वापरायचं तर शेतकऱ्याला किंवा संस्थेला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. कळमन्याच्या बाजारात ढिगाने उतरणाऱ्या संत्र्यांत असा नोंदलेला शेतकरी कोण आणि नसलेला कोण, हे ढीग बघून कुणाला सांगता येणार?

'नागपुरी' म्हटलं तरी मुलूख नुसता नागपूरचा नाही. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हे आपले तालुके, पण वरूड-मोर्शीच्या अमरावतीकरांना विचाराल तर ते म्हणतील नाव तुमचं, बागा आमच्या. त्यात तथ्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी पांढुर्णा-सौसर भागात, मध्य प्रदेशातही, हीच जात लावतात आणि तिथला मालही आपल्याकडे उतरतो. झाडाला राज्याची सीमा कळत नाही, जीआयच्या नकाशाला कळते.

लोकांना प्रश्न पडतो, एवढं संत्रं पिकतं तर नागपुरी संत्र्याच्या रसाची बाटली दुकानात सहज का दिसत नाही? बाहेरच्या कंपन्यांचे रस आहेत, आपला का नाही? उत्तर फळातच आहे. आपलं संत्रं सोलायला सोपं, सालीचं सैल, आंबट-गोड, खायला राजा. पण त्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो. फळाच्या पाकळीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. पाकळी अखंड असते तोवर ते गप्प असतं. रस काढताना पापुद्रे आणि बिया चिरडल्या की ते रसातल्या आम्लात उतरतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं. लिमोनिन कडू, आणि इतकं कडू की दहा लाख भागांत सहाच्या आसपास भाग असले तरी जिभेला लागतं. रस टिकवण्यासाठी तो तापवावा लागतो, आणि तापवलं की हा बदल आणखी लवकर होतो. म्हणजे टिकवायला जावं तर कडू होतो, कडू होऊ नये म्हणून तसाच ठेवावा तर टिकत नाही. ज्या देशांत रसाचा मोठा धंदा आहे तिथे व्हॅलेन्शियासारख्या घट्ट सालीच्या, रसासाठीच लावलेल्या जाती असतात. आपलं फळ त्यासाठी निवडलेलंच नव्हतं. त्याच्या बियाही पुष्कळ. ठेल्यावरचा ताजा रस गोड लागतो कारण तो आपण तिथेच संपवतो. घरी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी तोंड वाकडं होईल.

कडूपणा काढायची यंत्रं असतात. रस विशिष्ट राळेच्या दाण्यांतून गाळला की लिमोनिन त्या दाण्यांना चिकटतं. पण त्यासाठी मोठा कारखाना, मोठं भांडवल आणि वर्षभर फळ लागतं. आणि फळ तर दोनच बहारांत येतं: आंबिया साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या महिन्यांत यंत्र काय खाणार?

मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात पतंजलीच्या फूड पार्कचं उद्घाटन झालं. तिथे संत्र्याच्या प्रक्रियेची क्षमता दिवसाला ८०० टन सांगितली गेली आहे. इथे आपला हिशोब बरोबर उलटा होतो. नाव हरिद्वारचं, मालक बाहेरचे, पण फळ विदर्भातलं आणि कारखाना मिहानचा. वरूडच्या बागाईतदाराला विचारा 'आपला' ब्रँड कुठला, तो पाकिटावरचं गाव बघणार नाही. त्याचं छोटं, टाकाऊ ठरलेलं फळ कोण कोणत्या भावाने घेतो ते बघेल. बाजारात जे आकाराने बारीक म्हणून मागे पडतं ते रसाच्या कारखान्याला चालतं, आणि बागेचं अर्थकारण पुष्कळदा त्या बारीक फळावर तरतं किंवा बुडतं. मला त्याचं म्हणणं पटतं.

मग बर्फीचं काय? जीआय फळाला आहे, बर्फीला नाही. 'नागपूरची संत्रा बर्फी' असं लिहिलेल्या डब्यात नागपुरीच संत्रं असलं पाहिजे असं जीआयच्या चिन्हाशिवाय धरून चालू नये. बर्फी वर्षभर मिळते, फळ वर्षभर येत नाही, म्हणजे साठवलेला गर आला. त्यात वाईट काही नाही, किती गर आहे ते महत्त्वाचं. संत्र्याचा गर आंबट असतो, दुधात थेट टाकला तर दूध फाटतं. म्हणून पापुद्रे आणि बिया काढून गर साखरेबरोबर आधी आटवतात आणि तो घट्ट झाला की मग खव्यात मिसळतात. हे नीट केलेल्या बर्फीचा रंग फिकट केशरी-पिवळसर असतो आणि दाताखाली मधूनच एखादा गराचा तंतू येतो. डोळ्यांत भरणारा भडक नारिंगी दिसला की मागे वळून बघा, आयएनएस ११० सापडण्याची शक्यता मोठी. तो परवानगी असलेला रंग आहे, पण रंगच आहे.

डब्याच्या मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. सगळ्यात जास्त जे असेल ते पहिलं. तिथे पहिली साखर असणारच, मिठाई आहे. पण संत्र्याचा गर दुसरा-तिसरा आहे की सगळ्यात शेवटी इसेन्सच्या शेजारी बसलाय, ते बघा. डब्यावर संत्र्याचं मोठं चित्र काढून एखाद्या घटकावर भर दिला असेल तर त्याचं टक्क्यांतलं प्रमाणही छापावं लागतं, कंसात. तो आकडा शोधा. दोन डबे शेजारी धरून तो एकच आकडा ताडून बघितला तरी कुठली बर्फी न्यायची हे ठरतं, चवीचा नंबर त्यानंतर. सुटी बर्फी घेत असाल तर ऑक्टोबर २०२० पासून ट्रेसमोर 'बेस्ट बिफोर' तारीख लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. पाहुण्याला द्यायची आणि प्रवास लांबचा असेल तर ही पाटी विचारून घ्यावी, लाजू नये.

आता राहिलं सावजी, आणि तिथे ही सगळी खाती हात टेकतात.

सावजी ही कंपनी नव्हे आणि गावही नव्हे. हलबा कोष्टी समाजाच्या घरातला हा स्वयंपाक. विणकरांची घरं, हातमागाचा धंदा बसत गेला तशा कित्येकांनी खानावळी काढल्या, आणि महाल, इतवारी, पाचपावली, गोळीबार चौक या भागांतून ती चव सगळ्या शहराची झाली. आता पुण्यात 'सावजी' अशी पाटी दिसते, बंगळुरूतही दिसते. कोणालाही लावता येते. कारण ट्रेडमार्क कायदा पदार्थाचा प्रकार किंवा गाव सांगणारे शब्द सहसा कोणा एकाच्या नावावर होऊ देत नाही. 'अमुक सावजी मसाला' यात 'अमुक' राखता येतं, 'सावजी' आणि 'नागपूर' मोकळे राहतात. आणि कृतीचं तर काय, एखाद्या भोजनालयवाल्याने ती जिवापाड गुपित ठेवली तर तेवढंच तिचं संरक्षण. म्हणून प्रत्येक जण मसाल्यांची संख्या वेगळी सांगतो आणि यादी कोणीच देत नाही.

पाकिटातल्या सावजी मसाल्याबद्दल माझी तक्रार कायम आहे. दगडफूल, खसखस, धणे, सुकी मिरची हे सगळं त्यात असतं, मान्य. पण सावजीत प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला जातो, वाटण ओलं असतं, जुन्या घरांत जवसाचं तेल असतं. दळून पाकिटात भरलेल्या मसाल्याचा वास देणारी तेलं आठवड्या-आठवड्याने उडत जातात, आणि दगडफुलाचा तो मातकट, धुरकट वास सगळ्यात आधी जातो. उरतो तो तिखटपणा, कारण मिरचीतलं तिखट उडत नाही. म्हणून बाहेरगावच्या लोकांचा समज होतो की सावजी म्हणजे नुसतं जाळ. पाकीट आणायचंच असेल तर छोटं आणा, तयार झाल्याची तारीख जवळची बघा, आणि घटकांच्या यादीत मीठ कितव्या जागी आहे तेही बघा. मीठ वरच्या जागी असेल तर मसाल्याच्या भावात मीठ घेतलंत.

मिरचीच्या बाबतीत मात्र कायदा पुन्हा जागा होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला २०१६ मध्ये जीआय मिळालाय. भिवापूर, कुही, मांढळ या बाजूला मिरचीचे सातरे असतात. लाल ढिगाऱ्याभोवती बायका बसून दिवसभर देठ खुडतात, तोंडाला फडकं बांधलेलं, तरी डोळ्यांतून पाणी. इथे खुडलेली सगळीच मिरची भिवापुरी वाणाची नसते, बाहेरून आलेलीही असते. त्यामुळे पाकिटावर नुसतं 'नागपुरी तिखट' असेल तर ते काहीच सांगत नाही, आणि 'भिवापुरी' असेल तर ते बरंच काही सांगतं आणि तुम्ही जीआयचं चिन्ह मागू शकता. एकाच मसाल्याच्या पाकिटावर 'सावजी' हा शब्द कोणालाही वापरता येतो आणि 'भिवापुरी' नोंद असल्याशिवाय वापरता येत नाही. दुकानदाराला विचाराल तर तो म्हणेल, "अहो ताई, दोन्ही इथलंच आहे." पहिलं खरं की खोटं हे तुमची जीभ ठरवेल. दुसऱ्यासाठी पाकीट उलटं करा.